समुद्र ओलांडण्यापूर्वी : श्रावकरत्न वीरचंद राघवजी गांधी

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संस्थेच्या संस्थापकांचे, दात्यांचे व कार्यकर्त्यांचे स्मरण आपण करतोच. त्याच वेळी, ज्यांचा आपल्या गावाशी प्रत्यक्ष संबंध आला नाही, परंतु ज्यांच्या पुण्याईचा वाटा सकल जैन समाजाला लाभला, अशा एखाद्या महानुभावाचेही स्मरण करावे, ही आपल्याकडील जुनी व सुंदर रीत आहे. या रीतीस अनुसरून, जैन दर्शनाचा संदेश सातासमुद्रापलीकडे नेणारे श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे चरित्र येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले, हे पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी, म्हणजे मुंबईच्या बंदरातून आगबोट सुटण्यापूर्वी, या तरुण श्रावकाला कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, याचा विचार सहसा होत नाही. या लेखात मुख्यत्वे तोच करावयाचा आहे. कारण त्यांच्या पुढील साऱ्या यशाचे बीज त्या निरोपाच्या काळात आहे.

बालपण आणि शिक्षण

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी काठेवाडातील भावनगरजवळील महुवा या गावी झाला. वडील राघवजी तेजपाल गांधी हे जवाहिराचा व्यवसाय करीत. धर्मनिष्ठ असूनही रूढींचे अंध अनुकरण न करणारे असे ते गृहस्थ होते. मुलाची बुद्धी पाहून त्यांनी त्याला पेढीवर न बसविता भावनगरला शिकावयास पाठविले. १८८० साली वीरचंदभाई मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली त्यांनी बी. ए. ची पदवी सन्मानपूर्वक संपादन केली. त्या काळी जैन समाजात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तत्पूर्वीच, त्या काळच्या रीतीप्रमाणे, जीवीबाईंशी त्यांचा विवाह झालेला होता.

१८९० साली वडिलांचे निधन झाले, तेव्हा छाती पिटून आक्रोश करण्याची तत्कालीन रूढी त्यांनी घरात पाळू दिली नाही. ज्या धर्मात आत्म्याचे अमरत्व आणि कर्माचा सिद्धांत सांगितला आहे, त्या धर्माच्या अनुयायांनी मृत्यूसमयी असे वागावे, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. रूढी आणि धर्म यांतील भेद ओळखण्याची ही दृष्टी पुढे त्यांना फार उपयोगी पडली.

तीर्थरक्षणाचे कार्य

१८८५ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे मानद चिटणीसपद त्यांच्याकडे आले. त्या सुमारास शत्रुंजय तीर्थाच्या यात्रेकरूंवरील करावरून पालिताणा संस्थान व जैन समाज यांच्यात मोठा संघर्ष चालू होता. वीरचंदभाईंनी कागदपत्रांचा अभ्यास केला, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यापर्यंत दाद मागितली आणि १८८६ साली तडजोड घडून येण्यास मोठा हातभार लावला. वर्षाला ठराविक १५,००० रुपये संस्थानास द्यावेत व यात्रेकरूंना व्यक्तिशः त्रास होऊ नये, असा ४० वर्षांचा करार झाला.

दुसरा प्रसंग सम्मेद शिखरजीचा. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पहाडावर एका इंग्रज गृहस्थाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना काढला होता. समाजाच्या भावना किती दुखावल्या असतील, हे सांगावयास नको. वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन राहिले. मूळ दस्तऐवज बंगालीत होते, म्हणून ते बंगाली शिकले. त्यांच्या परिश्रमांस फळ येऊन अखेर तो कारखाना बंद पडला.

या दोन्ही लढ्यांत त्यांनी कोठेही आरडाओरड केली नाही. ज्या माणसाशी वाद घालावयाचा, त्याची भाषा शिकावयाची, त्याचा कायदा वाचावयाचा आणि मग त्याच्यापुढे उभे राहावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. शिकागोस जाताना हीच शिदोरी त्यांच्याजवळ होती.

शिकागोचे निमंत्रण आणि साधुधर्माची मर्यादा

कोलंबसाने अमेरिकेचा किनारा गाठल्याला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८९३ साली शिकागो येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरविण्यात आले. त्याला जोडूनच जगातील धर्मांची परिषद योजण्यात आली होती. जैन धर्माच्या वतीने उपस्थित राहण्याचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी म्हणजेच श्री आत्मारामजी महाराज यांना आले. पंजाबात जन्मलेले हे आचार्य प्रकांड पंडित म्हणून देशभर विख्यात होते.

परंतु जैन साधू वाहनात बसत नाही. पंचमहाव्रते धारण केलेला मुनी पायी विहार करतो, गोचरीवर निर्वाह करतो. सचित्त जलाचा स्पर्शही त्याला वर्ज्य असतो. अशा साधूने आगबोटीने महासागर ओलांडणे शक्यच नव्हते. आचार्यश्रींनी आपल्या आचारात तसूभरही सवलत घेतली नाही. तथापि आलेले निमंत्रण नाकारून जगासमोर जैन धर्म मुका राहू देणेही त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आपल्या वतीने एका श्रावकास पाठविण्याचे ठरविले आणि त्यांची दृष्टी वीरचंदभाईंवर स्थिरावली.

जैन संघाची चतुर्विध रचना किती विचारपूर्वक झालेली आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय. साधूने जेथे थांबावयाचे, तेथून श्रावकाने पुढे जावयाचे. एकाची मर्यादा हीच दुसऱ्याची जबाबदारी ठरते. वीरचंदभाई अमृतसर येथे आचार्यश्रींच्या सान्निध्यात राहिले, त्यांच्यापाशी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि शंकांचे निरसन करून घेतले. या परिषदेच्या निमित्ताने आचार्यश्रींनी प्रश्नोत्तररूपाने रचलेला ग्रंथ ‘शिकागो प्रश्नोत्तर’ या नावाने प्रसिद्ध आहे.

समुद्रबंदीचे सावट

आज शिरूर, दौंड परिसरातील कितीतरी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जातात. त्यांना निरोप देताना घरात धावपळ असते, डोळ्यांत पाणी असते. पण जातीतून बाहेर पडण्याचे भय नसते. वीरचंदभाईंच्या काळी ते होते, आणि ते केवळ काल्पनिक नव्हते.

१८८८ साली मोहनदास करमचंद गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या मातोश्रींची संमती मिळाली ती बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंमुळे. मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा स्वामींनी त्या तरुणाकडून करवून घेतली, आणि मगच आईने आशीर्वाद दिला. पुढे विलायतेहून परतल्यावर हेच गांधी मुंबईत वीरचंदभाईंचे स्नेही झाले. वीरचंदभाई तेव्हा सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करीत होते. दोघे मिळून आहाराचे प्रयोग करीत, असे महात्माजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे.

आपल्या पुण्यातही वातावरण निराळे नव्हते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका चहाच्या पेल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले व प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. गावात बसून घेतलेल्या चहाची ही कथा, तर अनेक आठवडे परदेशी आगबोटीवर राहून परमुलखात जाणाऱ्याची काय कथा!

मुंबईच्या जैन समाजातही मतभेद झाले. समुद्रगमनाने धर्म बुडतो, श्रावकाचे आचार परदेशी टिकणार नाहीत, असा आक्षेप काही मंडळींनी घेतला. आक्षेप घेणारे सारेच दुष्ट होते असे नव्हे. आचार सुटला की विचार सुटतो, ही त्यांची भीती प्रामाणिक होती. परंतु त्या भीतीला उत्तर देण्याचे दोन मार्ग असतात. एक, जाऊच नये. दुसरा, जावे आणि आचार सोडू नये. आचार्यश्रींचा आदेश दुसऱ्या मार्गाचा होता आणि वीरचंदभाईंनी तोच पत्करला.

निरोपाची घटका

ऑगस्ट १८९३ च्या आरंभी वीरचंदभाईंनी मुंबई सोडली. या काळाचे महत्त्व जैन वाचकास सहज कळेल. चातुर्मास सुरू झाला होता. साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिरावले होते, उपाश्रयांत व स्थानकांत व्याख्याने चालू होती, घरोघरी तपाचे संकल्प होत होते. ज्या दिवसांत गृहस्थानेही शक्य तो प्रवास टाळावा, त्याच दिवसांत या श्रावकाला आयुष्यातील सर्वांत लांबचा प्रवास करावयाचा होता. परिषद ११ सप्टेंबरला भरावयाची होती आणि त्या वर्षीचे पर्युषण पर्वही त्याच सुमारास येत होते. म्हणजे ज्या आठ दिवसांत अवघा समाज प्रतिक्रमण व क्षमापना करणार, ते दिवस त्यांना परक्या मुलखात, परक्या लोकांत काढावयाचे होते.

प्रवासही सुखाचा नव्हता. पावसाळ्यातील अरबी समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून एडन, तेथून सुवेझच्या कालव्यातून भूमध्य समुद्र, मग इंग्लंड, आणि तेथून पुन्हा अटलांटिक महासागर पार करून अमेरिका, असा तो मार्ग. त्याच वर्षी ३१ मे रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहूनच निघाले होते, पण ते कोलंबो, हाँगकाँग व जपान या पूर्वेच्या मार्गाने गेले. मुंबईच्या प्रार्थना समाजाचे श्री. बी. बी. नगरकर हेही त्या परिषदेस उपस्थित होते.

अशा प्रवासाला निघणाऱ्या श्रावकापुढील प्रश्न फार साधे आणि म्हणूनच फार कठीण असतात. सूर्यास्तानंतर भोजन नाही, हा नियम जेथे भोजनाच्या वेळा दुसऱ्याच्या हाती असतात तेथे कसा पाळावयाचा? उकळलेले पाणी कोठे मिळावयाचे? ज्या भटारखान्यात मांस शिजते, तेथील अन्नाचे काय करावयाचे? कंदमुळे टाळून उरते काय? आज आपण खाकरे, ठेपले, सुकी भाजी डब्यात भरून देतो. विमान एका दिवसात पोहोचविते. त्या काळी हा प्रश्न एका दिवसाचा नव्हता, अनेक महिन्यांचा होता.

वीरचंदभाईंची खरी तयारी सामानाच्या पेटीत नव्हती. त्यांनी मनाशी जे जे निश्चित केले होते, ते त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसून येते. पोषाख बदलावयाचा नाही : अमेरिकेतील त्यांच्या छायाचित्रांत काठेवाडी पद्धतीची पगडी व अंगावरील शाल आपणांस दिसते. आहार बदलावयाचा नाही : शाकाहाराचे व्रत त्यांनी परदेशात कसोशीने पाळले. आणि स्वतःच्या नावाने बोलावयाचे नाही : परिषदेच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या गुरूंच्या वतीने व जैन समाजाच्या वतीने अभिवादन केले.

मागे काय सोडले, हेही पाहिले पाहिजे. पत्नी घरी होती. कायद्याचा अभ्यास बाजूला पडला होता; तो पूर्ण करून मुंबईत सुखाने वकिली करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. वडिलांचे छत्र नव्हते. शिवाय परत आल्यावर समाज आपल्याला पंक्तीला घेईल की नाही, याची शाश्वती नव्हती. वयाच्या २९ व्या वर्षी पूर्वी कोणी न केलेले कार्य शिरावर घेऊन, संघातील एका गटाची नाराजी पाठीशी आणि गुरूंचा आशीर्वाद मस्तकी, अशा अवस्थेत ते बोटीवर चढले. ज्याला दोन्ही बाजूंचे वजन कळते, त्याच्याच निर्णयाला त्याग म्हणतात.

शिकागो आणि त्यानंतर

११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात ती परिषद भरली. वीरचंदभाईंनी जैन तत्त्वज्ञान व आचार यांचे विवेचन केले. नवतत्त्वे, षड्द्रव्ये, कर्मसिद्धांत, अहिंसा व अनेकांत हे विषय पाश्चात्त्य श्रोत्यांना प्रथमच एका अधिकारी जैन गृहस्थाच्या मुखातून ऐकावयास मिळाले. विशेष असे की, एका पाद्रीसाहेबांनी हिंदू मंदिरांवर व हिंदू समाजावर टीका केली, तेव्हा त्या टीकेस वीरचंदभाईंनी संयमित शब्दांत उत्तर दिले. टीका आपल्या धर्मावर नव्हती म्हणून ते गप्प बसले नाहीत. अनेकांत केवळ व्याख्यानाचा विषय नसून आचरणाचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

परिषदेनंतर ते अमेरिकेत राहिले व ठिकठिकाणी शेकडो व्याख्याने दिली. वॉशिंग्टन येथे गांधी फिलॉसॉफिकल सोसायटी ही संस्था त्यांच्या प्रेरणेने स्थापन झाली. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठीही त्यांनी तेथे संस्था उभारली. १८९५ साली ते मायदेशी परतले, आणि ज्याची भीती होती तेच घडले. एकीकडे स्वागत झाले, तर दुसरीकडे समुद्रगमनाबद्दल त्यांना दोषी धरण्याचा आग्रह झाला. समाजाची कीर्ती दिगंतात नेणाऱ्या माणसाला समाजापुढेच आपली शुद्धता सिद्ध करावी लागावी, ही गोष्ट खेदाची आहे. परंतु त्यांनी कटुता धरली नाही. ते आपल्या कार्यास लागले.

दुष्काळ आणि एक उपकार

१८९६ साली ते पुन्हा परदेशी निघाले. या खेपेस पत्नी जीवीबाई व मुलगा मोहन सोबत होते. ज्या देशाचा प्रवास धर्मभ्रष्ट करतो असे म्हटले जाई, तेथे त्यांनी आपल्या कुटुंबासही नेले, हेच आक्षेपकांना त्यांचे उत्तर होते.

त्याच सुमारास भारतावर १८९६-९७ चा भीषण दुष्काळ कोसळला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील आपला हा कोरडवाहू टापू, म्हणजे शिरूर आणि ज्याला तेव्हा भीमथडी तालुका म्हणत तो दौंडचा भाग, अवर्षणाचे चटके पूर्वापार सोसत आलेला आहे. त्या दुष्काळाची झळ या भागासही लागली. अमेरिकेत असलेल्या वीरचंदभाईंनी तेथील सज्जनांची समिती उभी केली. एक जहाजभर धान्य कलकत्त्यास पाठविण्यात आले व सुमारे ४०,००० रुपये रोख देशात वाटपासाठी धाडण्यात आले. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडाला नाही. उलट त्याच समुद्रावरून जीवदया परत आली.

या ठिकाणी आपल्या दौंड तालुक्यातील केडगावचे स्मरण होते. पंडिता रमाबाई १८८३ साली मुंबईहूनच इंग्लंडला व पुढे अमेरिकेला गेल्या होत्या, आणि याच दुष्काळात त्यांनी अनाथ व निराधार मुली-स्त्रियांना केडगाव येथे आश्रय दिला. रमाबाईंचा धर्ममार्ग निराळा होता, वीरचंदभाईंचा निराळा. परंतु दोघांनीही दूरदेशी जोडलेला स्नेह भुकेल्या माणसाच्या कामी आणला, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

अखेर

पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला. परंतु अविश्रांत श्रमांनी प्रकृती खालावली. ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी वयाची ३७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचे गुरू आचार्य विजयानंदसूरीश्वरजी १८९६ सालीच कालधर्म पावले होते. वीरचंदभाईंची व्याख्याने त्यांच्या पश्चात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २००२ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिकागोच्या जैन मंदिराच्या परिसरात त्यांचा पुतळा उभा आहे.

वाचकहो, पुतळे उभारणे आणि तिकिटे काढणे हे समाजाचे कर्तव्यच आहे; परंतु ते उशिराचे कर्तव्य आहे. वेळेवरचे कर्तव्य निरोपाच्या घटकेत असते. समाजाचे कार्य घेऊन कोणी पुढे निघाले, तर त्याच्या पाठीशी आपण उभे राहतो की त्याच्या चुका मोजत बसतो, याची परीक्षा तो परत आल्यावर होत नाही. तो उंबऱ्यावर असतानाच होते.

आज आपल्या घरातून मुलगा वा मुलगी परदेशी निघते, तेव्हा आपण कपाळी कुंकुमतिलक लावतो, हाती श्रीफळ देतो, महाराजसाहेबांकडून मांगलिक ऐकवितो. दौंड जंक्शनवर किंवा शिरूरच्या बसस्थानकावर आप्तेष्ट गोळा होतात. तेव्हा डब्यातील पदार्थांबरोबर आणखी दोन गोष्टी द्याव्यात. एक, आपला आचार कोणता व का, याची समज. कारण केवळ धाकाने पाळलेला नियम विमानतळापलीकडे टिकत नाही. दुसरी, परत येशील तेव्हा हे घर व हा संघ तुझाच असेल, हा विश्वास. पहिली गोष्ट वीरचंदभाईंना गुरूंकडून भरभरून मिळाली. दुसरी त्यांना समाजाकडून पुरेशी मिळाली नाही. ती उणीव आपण आपल्या मुलांच्या बाबतीत राहू देऊ नये, हेच त्या थोर श्रावकाचे खरे स्मरण ठरेल.

श्रावकरत्न वीरचंद राघवजी गांधी यांच्या पुण्यस्मृतीस सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन.